दोरा न बांधलेले पान

आई मंगळवारी वारली. पुढच्या सोमवारी मी कमलला प्रेसवर घेऊन गेलो.

कमल माझी धाकटी बहीण. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि मी तिशीचा. वाशीमला एका छापखान्यात मी हेड कंपोझिटर होतो. सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. आई होती तोवर कमलचे सगळे ती पाहत होती. मला फक्त एवढे माहीत होते, की कमल फारशी बोलत नाही, कुणाच्या तोंडाकडे पाहत नाही आणि भाजीचा रस्सा भाकरीला लागला तर ती भाकरी खात नाही.

आईनंतरचे चार दिवस मी तिला खोलीत ठेवून बाहेरून कडी लावून कामावर गेलो. चौथ्या दिवशी शेजारीण प्रेसवर आली आणि म्हणाली, "वामनभाऊ, घरी चाला. तुमची बहीण दाराले डोकं आपटून राह्यली." मी गेलो तेव्हा तिच्या कपाळावरून रक्त डोळ्यात उतरत होते आणि ती दाराच्या फळ्यांवरून तळहात फिरवत होती. मामा आले होते. त्यांनी सल्ला दिला. "नागपूरले मोठ्या दवाखान्यात टाकून दे तिले. तुह्यं लग्न होईन, संसार होईन. आईनं केलं ते तुह्याच्यानं होनार हाय का?" त्या दवाखान्याला उंच भिंत होती. तिथे नेलेली माणसे परत आलेली मी पाहिली नव्हती.

म्हणून प्रेस. मालक फुलचंद शेठ जैन समाजातले होते. माणूस कडक, पण ऐकून घेणारा. त्यांनी कमलकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "बसू द्या. पण कामाचा खोळंबा झाला, तर मंग मी ऐकनार नाई, वामनराव."

आता छापखान्याचे थोडे सांगायला हवे, कारण तसला छापखाना आज कुणी पाहिलेला नसतो. अक्षरे शिशाची असत. एका खिळ्याच्या डोक्यावर एक अक्षर, तेही उलटे. हे खिळे लाकडी केसमध्ये असत. केस म्हणजे लहान लहान खणांचे तबक. इंग्रजीला दोन केस पुरत, मराठीला चार लागत. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अर्धे अक्षर वेगळे, जोडाक्षर वेगळे. कंपोझिटर एकेक खिळा उचलून ओळ जुळवतो, ओळींचे पान करतो. पान छापून झाले की तेच खिळे पुन्हा आपापल्या खणात टाकायचे, म्हणजे पुढचे पान जुळवता येते. या कामाला डिस्ट्रीब्यूशन म्हणतात. आम्ही नुसते 'पान सोडणे' म्हणत होतो. कुणालाही न आवडणारे काम. चुकीच्या खणात एक खिळा पडला, तर तो आठ दिवसांनी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेत उगवतो.

पहिले दोन दिवस कमल भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसली. तिसऱ्या दिवशी माझ्या हातून पाचसहा खिळे खाली सांडले. तिने ते उचलले आणि केसमध्ये टाकले. मी पाहिले तर चार बरोबर होते. ती मागून माझ्या हाताकडे पाहत होती, हे मला ठाऊक नव्हते.

मग मी तिला शिकवले. तीन आठवडे लागले. 'घ' आणि 'ध' मध्ये ती गोंधळायची, 'भ' आणि 'म' मध्येही. ती शाळेत गेली नव्हती, तिला वाचता येत नव्हते. पण आम्हा शिकलेल्यांना खिळ्यावरचे उलटे अक्षर मनात सुलटे करून घ्यावे लागते. तिला सुलटे माहीतच नव्हते. माझ्यापेक्षा ती सावकाश काम करायची, पण थांबायची नाही. हाताला काम असले की तिचे पुढेमागे डुलणे कमी व्हायचे. दुपारच्या सुट्टीत ती बॉर्डरचे खिळे काढायची. बॉर्डरचे म्हणजे पत्रिकेभोवती लावतात ती फुले, वेली, ठिपके. रिकाम्या गॅलीत, म्हणजे पत्र्याच्या तीन बाजूंनी बंद तबकात, ती ते मांडायची. सुट्टी संपली की मी ते मोडून ठेवायचो. ती हरकत घ्यायची नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा वेगळे मांडायची.

तिला एकच नियम शिकवला होता. जुळवलेल्या पानाचे खिळे सुटू नयेत म्हणून त्याच्याभोवती दोरा घट्ट गुंडाळतात. छापून झाल्यावर दोरा नसतो. म्हणून: दोरा आहे, हात लावायचा नाही. दोरा नाही, सोडायचे. समोरच्याचे शेवटचे शब्द ती परत म्हणायची, तसेच तिने म्हटले, "सोडायचे." त्यानंतर अडीच महिन्यांत तिने एकदाही हा नियम मोडला नव्हता.

वैशाख आला. अनसिंगच्या बौद्ध मंडळींनी गावात विहार बांधला होता आणि बुद्धपौर्णिमेला त्याचे उद्घाटन होते. त्यासाठी सोळा पानांची पुस्तिका आमच्याकडे छापायला होती. काम घेऊन तायडे गुरुजी आले होते. ते तिथल्या शाळेत मास्तर होते. तेरा आणि चौदा या पानांवर श्रमदान करणाऱ्यांची नावे होती. दगड फोडणारे, माती वाहणारे, पाणी भरणारे. पहिल्या यादीत पुरुषांची नावे होती आणि बायकांचे फक्त 'सहकुटुंब'. प्रूफ अनसिंगला गेले आणि परत आले, तेव्हा 'सहकुटुंब' सगळीकडे खोडलेले होते आणि समासात बायकांची नावे लिहिली होती. गुरुजी हसत म्हणाले, "आमच्या गयाबाईनं पाटी खाली ठेवली. म्हने, माती मी वाह्यली अन् नाव त्याचं? मंग भिंत बी त्यालेच उभी करा लावा."

दुरुस्ती सोपी नव्हती. साध्या मजकुरात एकटी 'ई' फारशी येत नाही. त्यामुळे खिळे ओतणाऱ्या फाउंड्रीतून 'ई' थोडीच येते. इथे प्रत्येक ओळीत 'बाई'. तेरावे पान होता होता 'ई'चा खण रिकामा झाला. छापून झालेली नऊ ते बारा ही पाने कमलने सोडली तरच चौदावे जुळणार होते.

पौर्णिमेच्या तीन दिवस आधी, संध्याकाळी, मी तेराव्या पानाचा दोरा सोडून दुरुस्ती करत होतो. माझे टेबल भरलेले होते, म्हणून पान मी शेजारच्या फळीवर ठेवले होते. सोडायची पाने त्या फळीवर असतात. शेवटचे नाव बसवले. तेवढ्यात शेठजींनी हाक मारली. ते सूर्यास्ताच्या आत जेवत, म्हणून प्रेस दिवस असतानाच बंद होत असे. "वामनराव, कुलूप लावू द्या ना आता!" मी उठलो. दोरा कंपोझिटर लोक गळ्यात अडकवतात, तसा माझ्या गळ्यात होता. तसाच मी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला कागदाचे पार्सल सोडवायला स्टेशनवर जायचे होते. कमलला मी रहीमभाईंबरोबर पुढे पाठवले. रहीमभाई ट्रेडल चालवत. ट्रेडल म्हणजे पायाने चालणारे छपाईयंत्र. मी नऊ वाजता पोचलो, तेव्हा तेरावे पान जवळजवळ संपले होते. फळीवर त्याची एकच ओळ उरली होती आणि कमल तिचा काना खणात टाकत होती.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. तिने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि ती डुलू लागली. शेठजी पुढच्या खोलीतून आले. त्यांनी फळी पाहिली, माझ्याकडे पाहिले.

"पान बांधेल होतं का?"

"होतं," मी म्हणालो.

हा एकच शब्द. तो बोलायला मला विचार करावा लागला नाही, हेच मला अजून सलते.

"म्हंजे दोरा सोडून तिनं पान मोडलं?"

मी उरलेल्या ओळीकडे पाहत राहिलो. रहीमभाई रुळांना शाई लावत होते. त्यांनी वर पाहिले आणि पुन्हा खाली पाहिले.

शेठजी कमलकडे वळले. "बाहेर बस. आत येऊ नको." मग मला म्हणाले, "उद्यापासून तिले आनू नका. मी आधीच सांगतलं होतं. लोकाईचं धर्माचं काम हाय, उद्या दुपारच्या बसनं पुस्तकं गेली पाह्यजेत. जुळवा पुन्हा."

कमल उठली आणि बाहेर गेली. मी स्टिक हातात घेतली. स्टिक म्हणजे ओळ जुळवायची पट्टी. पहिले नाव जुळवले आणि ते चुकले.

वैशाखातले ऊन. प्रेसच्या पायरीवर दहा वाजेपर्यंत सावली असते, मग नसते. कमल पायरीवर बसली नाही. ती भिंतीला हात लावून कोपऱ्यापर्यंत जायची, वळायची, परत यायची. उंबऱ्याशी थांबायची. आत फळीकडे पाहायची. फळीवर नऊ ते बारा ही पाने पडून होती, दोरा नसलेली. मग पुन्हा कोपऱ्यापर्यंत. समोरच्या कापडाच्या दुकानात दोन माणसे बसली होती. एक म्हणाला, "हे पाहा, चालू झाली गाडी." दुसरा हसला. मला सगळे ऐकू येत होते.

मी हिशोब मांडत होतो. खरे सांगितले तर शेठजी मला काढतील. मला काढले तर दोघांनाही खायला नाही. न सांगितले तर नोकरी राहील आणि कमल उद्यापासून पुन्हा कडीच्या आत. किंवा नागपूर. म्हणजे खोटे बोलून मी तिलाच वाचवतो आहे, असे मी स्वतःला पटवत होतो आणि ते जुळत नव्हते. हातातल्या ओळी मात्र वाकड्या येत होत्या. अकरापर्यंत निम्मे पान झाले. दर दोन नावांनी मी उठून दाराशी जात होतो. एकदा मी तिला पाण्याचा पेला दिला. तिने तो घेतला, प्यायली नाही, पायरीवर ठेवला.

रहीमभाई म्हणाले, "वामनभाऊ, बैठके काम करो. ऐसा खडे-खडे नहीं होता."

बाराच्या सुमारास तायडे गुरुजी आले. बरोबर गयाबाई होत्या. साठीच्या, काळ्यासावळ्या, पांढरे लुगडे, हातात फडक्यात बांधलेली भाकर. आपले नाव छापलेले स्वतः पाहायचे म्हणून त्या बसने आल्या होत्या. वाचता येत नव्हते, तरी पाहायचे होते. त्या आत येण्याआधी पायरीपाशी थांबल्या.

"हे पोरगी कोनाची हाय? उन्हात काहून फिरून राह्यली?"

शेठजींनी गुरुजींना बसायला खुर्ची दिली आणि झालेले सांगितले. "येडी हाय बिचारी. काय करता? रातचं जुळवेल पान सकाळी मोडून टाकलं. वामनरावची बहीन हाय, म्हनून ठेवली होती."

गुरुजींचा चेहरा उतरला. "म्हंजे उद्या होत नाई?"

"होते, होते. जुळवून राह्यले ते."

गयाबाई खाली बसल्या होत्या. त्या माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "भाऊ, ते रोजच मोडते का पानं?"

"हो. तेच तिचं काम आहे."

"मंग तिले कसं समजते, कोनतं मोडाचं अन् कोनतं ठिवाचं?"

प्रश्न साधा होता. बाहेरचा माणूस प्रेसवर आला की असे प्रश्न विचारतोच आणि मला ते समजावून सांगायला आवडायचे. मी सवयीने सांगू लागलो. पंधरावे पान उचलून दाखवले. "हे पाहा, याला चारी बाजूंनी दोरा आहे. म्हणजे हे अजून छापायचं आहे. याला ती हात लावत नाही. आणि त्या फळीवरची पाहा. त्यांना दोरा नाही. म्हणजे छापून झाली. ती सोडायची."

"अन् मोडलेल्या पानाले होता दोरा?"

शेठजी म्हणाले, "होता ना. सोडला तिनं."

"असं?" गयाबाई म्हणाल्या. "मंग रोज काहून नाई सोडत? आजच बरं तिले बुद्धी झाली!"

ट्रेडल बंद होते. पंधराव्या पानाचा दोरा माझ्या बोटांखाली होता. मी गुरुजींकडे पाहिले, कारण शेठजींकडे पाहणे जमत नव्हते.

"नव्हता," मी म्हणालो. "दोरा मी सोडला होता. काल संध्याकाळी. दुरुस्ती केली आणि बांधायचं राहिलं. पानही मीच त्या फळीवर ठेवलं. तिने नियमाप्रमाणे केलं."

शेठजी म्हणाले, "सकाळी तर तुमी होता म्हनले."

"खोटं बोललो."

शेठजी रहीमभाईंकडे वळले. "तुमाले माहीत होतं?"

"दोरा इनके गले में था, शेठजी. काल जाताना पाह्यला मी."

"मंग बोलले काहून नाई?"

"मालूम था, खुद बोलेंगे," रहीमभाई म्हणाले. मग शाईची पाटी उचलत हळूच म्हणाले, "जरा देर लगा दी."

मला वाटले, आता जायला सांगतील. शेठजींनी गल्ल्याच्या टेबलावर बोटे वाजवली. मग ते म्हणाले, "वामनराव, नोकरीचं नंतर पाहू. आधी सांगा, आजच्या आज चार पानं कशी छापता?"

"कमल आत आली तर होतील. ती नऊ ते बारा सोडेल, मी जुळवेन. नाहीतर नाही."

"मंग बोलवा तिले."

मी पायरीवर गेलो. "कमल, आत चल." ती म्हणाली, "आत चल," आणि कोपऱ्याकडे गेली. मी तिचा हात धरला, तिने सोडवून घेतला. तीनदा बोलावले. ती उंबऱ्यापर्यंत येई आणि तिथून वळे. अंगावरचे पोलके घामाने भिजले होते. गुरुजी म्हणाले, "रागावली असंन." ती रागावलेली नव्हती. मला कळायला वेळ लागला. आत येऊ नको, हे शेठजींनी सांगितले होते. माझ्या सांगण्याने ते कसे रद्द होणार?

मी शेठजींना तसे सांगितले. ते चिडले. "म्हंजे तिले मी जाऊन विनवनी करू?"

गयाबाईंनी फडके सोडून भाकर काढली होती. त्या खाली मान घालून म्हणाल्या, "हाकलतांनी नाई लाजले, तं बोलावतांनी कायले लाजता, शेठजी?"

समोरचे दुकानदार पाहत होते. फुलचंद शेठ पांढऱ्या धोतरात, काळी टोपी घातलेली, पायरीवर येऊन उभे राहिले. "कमल, आत ये. काम कर." ती त्यांच्या चपलांकडे पाहत होती. "काम कर," ती म्हणाली, त्यांच्या बाजूने आत गेली आणि सरळ फळीशी जाऊन तिने नववे पान पुढे ओढले. पाण्याचा पेला तिने येताना आत आणला होता. तो तिने आता एका दमात संपवला.

मग दुपार कशी गेली ते आम्हा कुणालाच नीट कळले नाही. गुरुजी नावे वाचत होते, मी जुळवत होतो. सरुबाई. जिजाबाई. अनुसयाबाई. 'ई' संपली, की मी हात पुढे करून थांबायचो आणि कमलच्या मुठीतून एकेक 'ई' खणात पडायची. ती माझ्यासाठी घाई करत नव्हती. ओळीत जे आधी येईल तेच ती आधी सोडायची. मी दोनदा म्हणालो, "कमल, आधी ई दे." गयाबाई म्हणाल्या, "राहू द्या ना भाऊ. तिच्या चालीनं चालू द्या. आमच्या घरी माहा भाऊ होता असाच. घाई केली की बसून जाये. आमी त्याच्या पुढं चालनं सोडून देलं, मंग तो बरोबर चाले." तो काय काम करायचा, मी विचारले. "ढोरं राखे. चाळीस वर्सं राखली. एक ढोर हरवलं नाई. पन त्याचं नाव कोनी लिवलं नाई कुठं."

चौदावे पान बांधले, तेव्हा मी दोरा तीनदा ओढून पाहिला.

सोळाव्या पानावर आभार होते आणि खाली अर्धे पान रिकामे. एरवी मी तिथे एखादे कमळ नाहीतर आडवी रेघ टाकतो. गयाबाई खिडकीशी ठेवलेली गॅली पाहत होत्या. आदल्या दुपारी कमलने त्यात बॉर्डरचे खिळे मांडलेले होते आणि माझ्याकडून ते मोडायचे राहिले होते. मधे ठिपक्यांचा चौकोन, भोवती फुले, त्याभोवती पुन्हा ठिपके, आणि एक फूल आडवे.

"हे चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "हे टाका आमच्या पुस्तकात."

शेठजी म्हणाले, "ते खेळनं हाय तिचं."

"अन् तुमचं कोनतं हाय? ते टाका मंग."

गुरुजी हसले. शेठजीही हसले, त्या दिवशी पहिल्यांदा. मी माप घेतले. बसत होते. दोरा बांधण्याआधी मी ते आडवे फूल उचलून सरळ केले. कमलने पान सोडता सोडता हात पुढे केला, ते फूल पुन्हा आडवे केले आणि आपल्या कामाला लागली. मी पुन्हा हात लावला नाही.

ट्रेडल सुरू झाले तेव्हा ऊन भिंतीवरून उतरले होते. पहिला कागद निघाला. गयाबाईंनी विचारले, माझे नाव कुठे? मी बोट ठेवले. त्यांनी त्यावर बोट ठेवले, तेव्हा शाई ओली होती. ते नाव त्यांच्या बोटावर थोडे उतरले. "बदलू नका," मी कागद बदलायला निघालो, तेव्हा त्या म्हणाल्या. "हा मलेच द्या."

सूर्य मावळला. शेठजी घरी गेले नाहीत. मुलगा बोलवायला आला, त्याला त्यांनी परत पाठवले. आता आज जेवण नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होते. ते टेबलाशी बसून छापलेले कागद मोजून गठ्ठे करत राहिले.

पुस्तके दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने गेली. तेराव्या पानावर एक नाव सुटले होते. घाईत माझ्याकडून. गुरुजींनी ते प्रत्येक प्रतीत शाईने लिहिले आणि मला तसे कळवले, तक्रार न करता. सोळाव्या पानावरचे आडवे फूल ही छपाईची चूक आहे का, असे मला पुढे पुष्कळांनी विचारले. मी नाही म्हणून सांगत असे.

माझ्या नोकरीचा विषय शेठजींनी पुन्हा काढला नाही. फक्त पुढची काही वर्षे, काही महत्त्वाचे विचारले आणि मी उत्तर दिले, की ते रहीमभाईंकडे पाहत. ते मला सोसावे लागले आणि ते बरोबरच होते. पौर्णिमेला मी कमलला अनसिंगला नेले. ढोलताशा सुरू झाल्यावर ती कान झाकून विहाराच्या मागे गेली. गयाबाईंनी तिथेच तिच्यासमोर ताट आणून ठेवले, भाकर एका बाजूला, रस्सा वेगळ्या वाटीत. मी त्यांना तसे सांगितलेले नव्हते. त्यांनी भावाला तसेच वाढले असणार.

ऑफसेट आले आणि खिळे भंगारात गेले, तोवर कमलने प्रेसवर काम केले. तिला काय आहे, याचे नाव मला फार उशिरा कळले. आम्ही दोघेही म्हातारे झालो होतो, तेव्हा एका तरुण डॉक्टरीणबाईंनी 'ऑटिझम' म्हणून सांगितले. मराठीत काय म्हणतात, मी विचारले. त्या म्हणाल्या, स्वमग्नता. आयुष्यभर प्रुफे तपासलेल्या माणसाला शब्द सहज पटत नाही. मग्न ती होती, हे खरे. पण स्वतःत होती असे मला कधी दिसले नाही. ती खिळ्यांत होती, भिंतीच्या गिलाव्यात होती, भाकरीच्या कडेत होती. तरी नाव मिळाले ते बरे झाले. मामांना सांगायला ते हवे होते, पण तेव्हा मामा राहिले नव्हते.

एवढ्या वर्षांच्या कामातून मी एक गोष्ट शिकलो. कामाच्या जागी चूक झाली, की ती कुणाची हे शोधायला वेळ लागतो. पण तिथे एखादे स्वतःची बाजू न सांगू शकणारे माणूस असले, तर फार लवकर सापडते. इतक्या लवकर सापडलेली चूक पुन्हा एकदा तपासावी.

कमल गेल्या पौषात गेली. प्रेसच्या जागी आता मोबाईलचे दुकान आहे. घरात तिची दोन लुगडी आहेत, एक घोंगडी आहे आणि मी आहे.